मुलगा गे आहे आणि इस्रायलला निघालाय, तर घरच्यांनी काय माहीत करून घ्यावं

पुण्याच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलाला रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये पोस्टडॉक मिळालंय, मुलगा गे आहे, घरी सगळ्यांना माहीत आहे आणि आता बऱ्यापैकी मान्यही आहे. त्या म्हणतात, तेल अवीव गे लोकांसाठी जगातल्या सगळ्यात चांगल्या शहरांपैकी एक असं सगळीकडे वाचलं, पण त्याच देशात दोन पुरुषांचं लग्न लागत नाही हेही वाचलं, मग खरं काय, आणि पोराला तिकडे एकटं पाठवायचं का.

ताई, पाठवा. गे आहे म्हणून रेहोवोतमध्ये किंवा लॅबमध्ये त्याला त्रास होईल अशी भीती मनातून काढून टाका. पण दोन्ही गोष्टी तुम्ही वाचल्यात त्या दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या एकाच वेळी कशा खऱ्या असतात हे समजलं तर त्याला तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही हे तुम्हाला कळेल, म्हणून जरा लांबच लिहिते. मी दक्षिण इस्रायलमधल्या बेर-शेवाला फॅमिली काउन्सेलिंग करते, गेली बरीच वर्षं, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत अशी घरं खूप असतात जिथे मुलाने किंवा मुलीने नुकतंच सांगितलेलं असतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजी-आजोबा रेवदंड्याकडचे, घरी अजून मराठी बोलतो.

आधी लग्नाचं. इस्रायलमध्ये सिव्हिल मॅरेज असा प्रकारच नाही, कोणासाठीच नाही. ऑटोमन काळापासून चालत आलेली पद्धत आहे की लग्न आणि घटस्फोट ज्याच्या त्याच्या धर्माच्या हातात, ब्रिटिशांनी ती तशीच ठेवली आणि नंतर इस्रायलनेही तशीच ठेवली. ज्यूंचं लग्न रब्बानूत म्हणजे सरकारमान्य ऑर्थोडॉक्स धर्मपीठ लावतं, मुसलमानांचं शरिया कोर्टात, ख्रिश्चनांचं चर्चमध्ये, द्रूझ लोकांचं त्यांच्या कोर्टात. त्यामुळे ज्यू मुलगा आणि ख्रिश्चन मुलगी हेसुद्धा देशात लग्न करू शकत नाहीत, ते सायप्रसला जाऊन करून येतात. म्हणजे गे जोडप्यांना अडवणारी भिंत फक्त त्यांच्यासाठी बांधलेली नाही, पण तिच्यावर सगळ्यात जोरात आपटतात ते हेच लोक.

आम्हा बेने इस्रायल लोकांना ही भिंत चांगली माहीत आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रब्बानूतने आमच्या लोकांच्या लग्नांवर अट घातली होती, आईकडच्या पिढ्या तपासा मगच लग्न लावा, कारण कोकणात शतकानुशतकं वेगळे राहिलेले हे लोक पूर्ण ज्यू आहेत का याची त्यांना खात्री नव्हती. आमच्या मागच्या पिढीने १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, बायकामुलांसकट, ऑगस्टमध्ये क्नेसेटला म्हणजे संसदेला त्यासाठी खास बसावं लागलं आणि तेव्हा कुठे रब्बानूत मागे हटली. आमच्याच एखाद्या घरात जेव्हा बाप मला म्हणतो की "आमच्या धर्मात हे बसत नाही" तेव्हा मी ही गोष्ट काढते, वाद घालायला नाही, पण आपल्या आईवडिलांनाही कुणीतरी एकदा रजिस्टर मिटून सांगितलं होतं की तुम्ही यात बसत नाही, हे त्याला आठवावं म्हणून.

तर भिंत तशीच आहे आणि कोर्टांनी तिच्या बाजूने एकेक दार पाडलंय. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा इथेही ब्रिटिशांचाच होता, आपल्याकडच्या ३७७ सारखाच, इथे ब्रिटिश राजवटीच्या, म्हणजे मँडेटच्या, १९३६ च्या कायद्यात होता. १९५३ मध्येच इथल्या अॅटर्नी जनरलने, हाइम कोहन त्यांचं नाव, पोलिसांना सांगितलं की हे कलम वापरू नका, आणि १९८८ मध्ये क्नेसेटने ते काढून टाकलं. भारतात त्यासाठी २०१८ उजाडलं. १९९२ मध्ये नोकरीत भेदभाव करायला बंदी आली. १९९४ ला एल अल एअरलाइनच्या एका फ्लाइट अटेंडंटने सुप्रीम कोर्टात केस जिंकली, मागणी किती साधी बघा, बाकी स्टाफच्या नवरा-बायकोला वर्षाला विमानाचं फुकट तिकीट मिळतं तसं माझ्या पार्टनरलाही द्या. त्या एका तिकिटावरून सगळं पुढे सरकलं. २००५ मध्ये दोन आयांना एकमेकींची मुलं दत्तक घ्यायची परवानगी मिळाली, आणि २००६ मध्ये कोर्टाने सांगितलं की परदेशात लग्न करून आलेल्या समलिंगी जोडप्याची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये विवाहित म्हणूनच करायची. अलीकडे तर अमेरिकेतल्या युटा राज्याच्या अधिकाऱ्यासमोर व्हिडिओ कॉलवर लग्न लावतात, जोडपं आपल्या घरच्या सोफ्यावरच बसलेलं असतं, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीही लग्नं नोंदवायला लावली.

शिवाय इथे येदुईम बत्सिबूर म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे लग्न न करता नवरा-बायकोसारखं राहणारं जोडपं, आणि त्यांना पेन्शन, वारसा, घराचं कर्ज यात जवळजवळ लग्नासारखेच हक्क मिळतात, दोन पुरुष असले किंवा दोन बायका असल्या तरी. म्हणून रोजच्या जगण्यात लग्न नसल्याचं फार जाणवत नाही. जाणवतं ते काहीतरी बिघडतं तेव्हा. पहिला समलिंगी घटस्फोट २०१२ मध्ये झाला तोसुद्धा फॅमिली कोर्टाकडून घ्यावा लागला कारण रब्बानूतच्या लेखी ते लग्नच नव्हतं मग सोडवणार काय.

आता समाजाचं. माझं इतक्या वर्षांचं मत असं झालंय की इस्रायली समाज माणसाला दोन दारांतून आत घेतो, एक लष्कर आणि दुसरं मूल. या दोन्हीतून जो जातो त्याला गे असूनही आपलं मानतात, आणि ज्याला ही दारं बंद त्याचं काय होतं ते पुढे सांगते.

लष्कराचं असं की १८ व्या वर्षी बहुतेक ज्यू मुलं-मुली भरती होतात. १९९३ मध्ये उझी एवेन नावाच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरने क्नेसेटमध्ये उभं राहून सांगितलं की मी गे आहे हे कळल्यावर संवेदनशील कामाची माझी परवानगी काढून घेतली गेली, इतकी वर्षं देशाचं काम केल्यानंतर. देश हादरला आणि त्याच वर्षी लष्कराचा नियम बदलला. पुढे २००२ मध्ये तेच उघडपणे गे असलेले पहिले खासदार झाले. याचा परिणाम घराघरात होतो, कारण पोरगा लष्करात सगळ्या युनिटला सांगून मोकळा झालेला असतो आणि घरी आईला अजून माहीत नसतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. ७ ऑक्टोबर २०२३ ला सागी गोलान नावाचा राखीव दलातला अधिकारी किबुत्झ बेएरीमध्ये लढताना मारला गेला, त्याचं त्याच्या जोडीदाराशी लग्न दोन आठवड्यांवर आलेलं. जोडीदाराने क्नेसेटमध्ये जाऊन मागणी लावून धरली आणि नोव्हेंबरमध्ये कायदा बदलून समलिंगी जोडीदारालाही शहिदाच्या विधवा-विधुराचा दर्जा मिळाला. रडणारा तो तरुण टीव्हीवर पाहून आमच्या इथल्या कितीतरी धार्मिक घरांतली माणसं गप्प झाली. गप्प होणं हीसुद्धा इथे मोठी गोष्ट आहे.

मुलाचं दार त्याहून मोठं. इथे सरकारी विम्यात दोन मुलं होईपर्यंत आयव्हीएफ फुकट आहे, एकट्या बाईलाही आहे, दोघी बायका असल्या तरी आहे, म्हणून लेस्बियन जोडप्यांच्या घरी मुलं सर्रास दिसतात. पुरुषांची अडचण सरोगसीची. १९९६ च्या कायद्यात ती फक्त स्त्री-पुरुष जोडप्यांना होती, म्हणून गे जोडपी बाहेर जायची, आणि त्यातली खूप जण कुठे गेली तर मुंबईला, कारण अमेरिकेपेक्षा खर्च खूप कमी. २०१० मध्ये एक इस्रायली बाप जुळ्या तान्ह्या मुलांसोबत कित्येक आठवडे मुंबईत अडकला होता, कारण जेरुसलेमचा एक फॅमिली कोर्ट जज पितृत्वाच्या टेस्टची परवानगी देत नव्हता आणि टेस्टशिवाय बाळांना पासपोर्ट नाही. वरच्या कोर्टाने निकाल फिरवला तेव्हा ते घरी आले. नंतर २०१२ मध्ये भारताने मेडिकल व्हिसाचा नियम बदलला, लग्नाला दोन वर्षं झालेलं स्त्री-पुरुष जोडपं असेल तरच, मग लोक नेपाळला जायला लागले, आणि तिथेही बाळं पोटात वाढवणाऱ्या बऱ्याचशा बायका भारतातल्याच होत्या. एप्रिल २०१५ च्या भूकंपात इस्रायलने विमानं पाठवून नवजात बाळं आणली, इथे टाळ्या वाजल्या, आणि मला तेव्हा राहून राहून वाटत होतं की त्या बायकांचं काय, त्या कुठल्या विमानात. बाप होण्याच्या हक्काबद्दल मी कायम बोलत आलेय पण दुसऱ्या बाईच्या गरिबीवर तो उभा असेल तर त्याबद्दलही बोलायला हवं, आणि ते इथे फार कमी बोललं जातं.

२०१८ मध्ये सरोगसीचा कायदा एकट्या बायकांसाठी खुला केला पण पुरुषांना वगळलं, पंतप्रधानांनी आधी पाठिंबा देतो म्हटलं आणि मतदान उलटं केलं. २२ जुलैला देशभर संप झाला, कितीतरी कंपन्यांनी स्टाफला सुट्टी दिली, रात्री तेल अवीवच्या राबिन चौकात प्रचंड गर्दी. शेवटी सुप्रीम कोर्टाने भाग पाडलं आणि जानेवारी २०२२ पासून गे पुरुषांनाही देशातच सरोगसी खुली झाली.

घरांमध्ये काय होतं ते सांगते, कारण कायद्याची यादी वाचून घर कळत नाही. डिमोना, येरुहाम, अश्दोद, रामले या गावांत आपले मराठी लोक आहेत, मोरोक्कोकडून आलेले आहेत, रशियन आहेत, इथिओपियन आहेत, आणि तेल अवीव त्यांना टीव्हीतलं वाटतं. आईचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला, मला नातवंडं होणार नाहीत का. त्याचं उत्तर आता सोपं झालंय. दुसरा प्रश्न समाजात कळलं तर हिच्या बहिणीच्या लग्नाचं काय, तो आपल्या लोकांत जास्त, कारण सगळे एकमेकांना ओळखतात, सिनेगॉगमध्ये तीच माणसं, हॉलवर तीच माणसं. बाप बरेचदा बोलतच नाही, महिनोन्महिने. आणि आज्या, ज्यांची सगळ्यांना भीती असते, त्या कित्येकदा सगळ्यात आधी पोराला जवळ घेतात, मी पाहिलंय.

स्वीकार झाला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ओळखते, पोराच्या जोडीदाराला शुक्रवारी रात्री जेवायला बोलावलं का. शब्बातचं, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवसाचं, जेवण म्हणजे इथे घर, आधी किद्दुशची प्रार्थना म्हणतात, सगळे बसतात, आणि त्या टेबलावर खुर्ची मिळाली की बाकीचं हळूहळू येतं. आधी मित्र म्हणून येतो, मग नुसत्या नावाने येतो, मग एक दिवस घरी मलिदा असतो, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने पोहे-खोबरं-फळांची ताटं भरलेली असतात, आणि आई त्याला सांगते ताट पलीकडे दे. याला काही घरांत एक वर्ष लागतं काहींत दहा. आयांना मी तेहिलाकडे पाठवते, ही पालकांचीच संस्था आहे, दुसऱ्या आईने सांगितलेलं जितकं पोचतं तितकं माझं पोचत नाही. आणि एक गोष्ट अगदी ठामपणे सांगते, "बरं करून देतो" म्हणणाऱ्याकडे पोराला नेऊ नका, मग तो रब्बी म्हणजे धर्मगुरू असो नाहीतर डिग्रीवाला थेरपिस्ट. २०२२ मध्ये आरोग्य मंत्रालयाने डॉक्टर-थेरपिस्टना असले उपचार करायला मनाई केली पण धर्माच्या आडून ते अजून चालतं, आणि त्यातून बाहेर आलेली मुलं माझ्यासमोर बसलेली असतात तेव्हा त्यांची अवस्था बघवत नाही.

धार्मिक लोकांत सगळे सारखे नाहीत. हावरुता ही धार्मिक गे पुरुषांची संघटना आहे, बात कोल धार्मिक लेस्बियन बायकांची, शब्बात पाळतात, प्रार्थना करतात, आणि मी हे दोन्ही आहे असं सांगतात. हरेदी म्हणजे कट्टर समाजात मात्र सांगितलं की घर, शाळा, लग्नाची स्थळं सगळं एकदम जातं, बरेच जण गुपचूप लग्न करून टाकतात.

हिंसा झालीय, ते लपवणार नाही. १ ऑगस्ट २००९ ला तेल अवीवमध्येच, गे मुलांच्या क्लबमध्ये एकाने गोळीबार केला, २६ वर्षांचा नीर कात्झ आणि लिझ त्रुबेशी ही किशोरवयीन मुलगी गेली, आणि जखमींपैकी काहींच्या घरी मुलगा गे आहे हे हॉस्पिटलमधून कळलं. तो खुनी सापडलाच नाही. जेरुसलेममध्ये यिशाई श्लिसेल नावाच्या हरेदी माणसाने २००५ च्या प्राइडमध्ये, म्हणजे गे-लेस्बियन लोकांच्या मोर्च्यात, तिघांना भोसकलं, १० वर्षं तुरुंगात काढून सुटला आणि सुटल्यावर तीन आठवड्यांत, ३० जुलै २०१५ ला, त्याच मोर्च्यात सहा जणांना भोसकलं. शिरा बांकी १६ वर्षांची होती, मित्रमैत्रिणींना साथ द्यायला आलेली, ती वाचली नाही. पुढच्या वर्षी जेरुसलेमच्या मोर्च्याला सुमारे २५ हजार लोक आले, आधी पाचेक हजार यायचे. आमच्या बेर-शेवात २०१६ मध्ये पोलिसांनी मोर्च्याला मुख्य रस्त्यावरून जायला परवानगी नाकारली, कोर्टानेही साथ दिली नाही, तेव्हा मोर्चा रद्द करून लोकांनी निदर्शनं केली आणि २०१७ मध्ये पहिला मोर्चा निघाला. मी त्यात चालले आणि फुटपाथवर ओळखीच्या दोन आया उभ्या होत्या, त्या मोर्च्यात उतरल्या नाहीत पण शेवटपर्यंत बाजूने चालत राहिल्या.

आता ज्यांना ती दोन्ही दारं बंद त्यांच्याबद्दल. इस्रायलमधले अरब गे लोक बहुतेक लष्करात नसतात, त्यांच्या समाजात बोलणं अजून फार अवघड आहे आणि ज्यू समाज त्यांना आधी अरब म्हणून बघतो. २०१९ मध्ये तामरा गावच्या एका किशोराला तेल अवीवमधल्या शेल्टरबाहेर त्याच्याच भावाने भोसकलं. त्यानंतर हैफामध्ये पॅलेस्टिनी गे-लेस्बियन लोकांनी स्वतःचे झेंडे घेऊन निदर्शनं केली, हैफात अस्वात ही बायकांची संस्था आहे, अल-कौसही आहे. २०२० मध्ये नाझरेथच्या अल-अर्झ ताहिनी कंपनीच्या मालकीणबाईंनी अरबी भाषेतल्या हेल्पलाइनसाठी देणगी दिली तर अरब दुकानांनी त्यांची ताहिनी शेल्फवरून काढली, आणि दुसरीकडे लोक मुद्दाम जाऊन तीच ताहिनी विकत घ्यायला लागले.

वेस्ट बँक या इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागातून जीव वाचवायला पळून आलेल्या गे पॅलेस्टिनींची हालत सगळ्यात वाईट. तात्पुरता परवाना, वर्षानुवर्षं काम करायचा हक्क नाही, तो २०२२ मध्ये मिळाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आसरा घेऊन राहणारा एक २५ वर्षांचा मुलगा वेस्ट बँकेतल्या हेब्रॉनमध्ये मारला गेला. म्हणून पिंकवॉशिंगचा आरोप, म्हणजे प्राइडचे फोटो दाखवून ताब्यातल्या पॅलेस्टिनींवरचा अन्याय झाकायचा, हा आरोप मी झटकून टाकत नाही. गाझाच्या पडक्या घरांसमोर सैनिक इंद्रधनुषी झेंडा धरून उभा आहे तो २०२३ चा फोटो सरकारी हँडलवरून फिरला तेव्हा मला फार त्रास झाला. इथले हक्क खरे आहेत, लोकांनी लढून मिळवलेत, सरकारने दान दिलेले नाहीत, आणि ते दुसऱ्याच्या दुःखावर पांघरूण म्हणून वापरायचा अधिकार सरकारला नाही. तुमच्या मुलाला लॅबमध्ये या विषयावर दोन्ही टोकांची माणसं भेटतील, त्याने ऐकावं, घाईने बाजू घेऊ नये.

ट्रान्स लोकांचं थोडक्यात, डाना इंटरनॅशनल ही ट्रान्स गायिका १९९८ ला युरोव्हिजन ही युरोपातली गाण्याची स्पर्धा जिंकली तेव्हा अख्खा देश रस्त्यावर नाचला, पण नोकरी आणि घर मिळवताना ट्रान्स मुलींना आजही गे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दारं बंद मिळतात.

राजकारण बघितलं तर गोंधळायला होतं. २०२२ च्या शेवटी आलेल्या सरकारच्या वेळी क्नेसेटचे स्पीकर झाले अमीर ओहाना, बेर-शेवात जन्मलेले, उघडपणे गे, दोन मुलांचे बाप, आणि त्याच आघाडीत नोआम पक्ष, ज्याचं राजकारणच गे हक्कांविरुद्ध. तेव्हाच एका नेत्या बाईंनी म्हटलं की धर्माविरुद्ध जात असेल तर डॉक्टर उपचार नाकारू शकतो, दुसरा उपलब्ध असला की झालं. लगेच हॉस्पिटलांच्या डॉक्टर-नर्सनी व्हिडिओ काढले, आम्ही सगळ्यांवर उपचार करतो. नोआमसारख्यांमुळे भीती वाटते, या व्हिडिओंमुळे धीर येतो.

तर तुमच्या मुलासाठी. त्याला लष्कर नाही आणि इथे नातेवाईक नाहीत, म्हणजे लोक प्रेमाने वागतील पण शुक्रवारी दुपारपासून शनिवार रात्रीपर्यंत ट्रेन बंद, दुकानं बंद, सगळे आपापल्या घरी, आणि परदेशी एकट्या मुलाला तेव्हा फार एकटं वाटतं. लॅबमधलं कुणी शुक्रवारी जेवायला बोलावलं तर पहिल्याच वेळी हो म्हणायला सांगा, इथे लोक मनापासून बोलावतात. रेहोवोतहून तेल अवीव ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. तेल अवीवच्या गान मेईर बागेत महापालिकेचंच एलजीबीटीक्यू सेंटर आहे, २००८ पासून, तिथे परदेशी लोकही येतात, आणि १९७५ पासून चालत आलेली अगुदा ही संस्था आहे, भेदभाव झाला, मारहाण झाली, मन खचलं तर त्यांच्याशी बोलावं. रूम घेताना घरमालकाला नसलं सांगायचं तरी चालेल पण रूममेटला आधी सांगून मगच राहायला जावं, आणि त्या घरात ममाद आहे का ते बघावं, म्हणजे सायरन वाजल्यावर जायची सुरक्षित खोली, नसेल तर जवळचा शेल्टर कुठे ते पहिल्या दिवशीच पाहून ठेवावं. युद्धामुळे २०२४ मध्ये तेल अवीवची परेड झाली नाही, फक्त सभा झाली, आणि २०२५ मध्ये इराणच्या युद्धामुळे ऐनवेळी रद्द झाली, त्यामुळे गे असण्यापेक्षा रॉकेटची काळजी करणं जास्त रास्त आहे.

पार्टनर असेल आणि त्यालाही सोबत यायचं असेल तर व्हिसाचं इन्स्टिट्यूटच्या परदेशी लोकांच्या ऑफिसला निघण्याआधी लेखी विचारा, उत्तर हातात आल्याशिवाय त्याने भारतातली नोकरी सोडू नये. भारतातल्या लग्नाचा कागद तुमच्याकडे असणारच नाही, २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने नकार दिलाय, तेव्हा एकत्र राहिल्याचे पुरावे, भाड्याचा करार, जॉइंट अकाउंट, एवढं आत्तापासून गोळा करा. आणि ताई, तुम्ही स्वतः कधी भेटायला आलात तर बेर-शेवापर्यंत या, इथल्या दोन-तीन मराठी आयांना तुमच्याशी बोलायला फार आवडेल, त्यांना आपल्या भाषेत हे बोलणारं दुसरं कुणी भेटलेलंच नाही.